फळ्याच्या कोपऱ्यातली नावं

"मी करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीचा वर्ग बघते. नोकरीचं दुसरं वर्ष. पटावर ३४ मुलं. जूनमध्ये स्टारचा तक्ता लावला होता. शांत बसलं की स्टार, दहा स्टार झाले की चॉकलेट. गणपतीपर्यंत छान चाललं. आता काहीही सांगितलं की मुलं आधी विचारतात, 'बाई, काय देणार?' खिचडीनंतर नळावर रोज ढकलाढकली, रोज कुणीतरी रडत येतं. मॉनिटर गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो, पण ती तीच तीच पाच असतात. त्यातला एक मुलगा दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलाय. तो कुणाचंच ऐकत नाही. लिहायला सांगितलं की शेजारच्याची वही ओढतो. मुख्याध्यापक म्हणतात, छडीचा धाक पाहिजेच. पालकसभेत आईवडीलच सांगतात, 'बाई, दोन ठेवून द्या, आमचं काही म्हणणं नाही.' मला मारायचं नाही. पण मग मुलांना चांगलं वागायची सवय लावायची कशी?"
— एक शिक्षिका, करवीर

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या त्या पाच नावांपाशी मी थांबले. स्टार, नळ, छडी, सगळ्याकडे येते. पण सुरुवात फळ्याच्या कोपऱ्यापासून करू द्या, कारण तिथं मी स्वतः चुकले आहे.

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पहिली सात-आठ वर्षं माझ्याही फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असायची आणि तिच्यावर 'गडबड करणारे' असं लिहिलेलं असायचं. चिंच नाहीतर पेन्सिलीचा तुकडा दिला की मॉनिटर नाव पुसून टाकतो, हे मला फार उशिरा कळलं. चौथीच्या एका वर्गात एका मुलाचं नाव रोज पहिलं असायचं. एक दिवस परिपाठ उरकून वर्गात आले, तर सगळा फळा कोरा आणि कोपऱ्यात तेवढं त्याचं नाव. मी मॉनिटरकडे बघितलं. तो म्हणाला, "बाई, मी न्हाई, त्येनंच लिवलंय." मी त्या मुलाला विचारलं, का रे? तर तो शांतपणे म्हणाला, "दुपारपत्तूर लिवणारच हायसा की." उर्मटपणा नव्हता त्यात. हजेरी द्यावी तसं त्यानं नाव देऊन टाकलं होतं. नावातला शेवटचा दीर्घ उकार त्यानं ऱ्हस्व काढला होता. ते नाव सहा महिने रोज फळ्यावर होतं, आणि ते नीट कसं लिहायचं हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. मीही नाही.

म्हणून सांगते, उद्या सकाळी पहिल्यांदा ती चौकट पुसा. तिच्या जागी 'शहाणी मुलं' अशी नवी चौकटही काढू नका. तिथंही तीच तीच पाच नावं येतील, फक्त दुसरी पाच. मॉनिटरला खडू-डस्टर, वह्या वाटणं, खिडक्या लावणं अशी खरी कामं द्या. दुसऱ्या मुलांवर नजर ठेवणं हे आठ वर्षांच्या मुलाचं काम नाही.

आता नळाकडे येऊ. मुलं नळावर का ढकलतात याचा मी एकदा नीट विचार केला, तेव्हा मला त्यांचं म्हणणं पटलं. ज्याचं ताट आधी धुऊन होतं त्याला मैदान आधी मिळतं. सुट्टी उरलेली असते पंधरा-वीस मिनिटं. मागं राहिलं तर लगोरीत नंबर लागत नाही. अशा वेळी "रांगेत या रे" असं शंभरदा ओरडून उपयोग होत नाही. रांग म्हणजे नेमकं काय, ते कुणी त्यांना दाखवलेलंच नसतं. पाढे आपण म्हणून घेतो, घोटून घेतो, चुकले तर परत म्हणून घेतो. वागणं मात्र घरून शिकून यावं अशी आपली अपेक्षा असते.

मी काय केलं ते सांगते. त्या शाळेत चार नळ होते, त्यातला एक कायम गळका. खिचडीची वेळ नसताना, सकाळच्या तासाला, मी सगळा वर्ग रिकामी ताटं घेऊन नळावर नेला. गेरूनं जमिनीवर तीन रेघा ओढल्या, चालू नळापुरत्या. आधी मी स्वतः ताट घेऊन उभी राहिले. ताट छातीशी, पुढच्याशी हातभर अंतर, ताट धुतलं की पाणी तिथंच खाली झटकायचं, मागच्याच्या अंगावर नाही, आणि डाव्या बाजूनं बाहेर पडायचं. मग दोन मुलांनी करून दाखवलं. मग मुद्दाम चुकीचं करून दाखवायला सांगितलं. ते त्यांनी फारच मनापासून केलं, आणि चूक काय झाली ते बाकीच्यांनी सांगितलं. मग सगळ्यांनी एकेकदा. चार दिवस असंच, रिकाम्या ताटांनी. पाचव्या दिवशी खऱ्या खिचडीनंतर मी नळापाशीच उभी राहिले, स्टाफरूममध्ये गेले नाही.

त्या दिवशी एका मुलीनं मागं उभ्या असलेल्या पहिलीतल्या पोराला पुढं घेतलं. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "त्याला ताट धरता येईना हे तू बघितलंस आणि पुढं घेतलंस. त्यामुळं त्याच्या अंगावर सांडलं नाही." एवढंच. दुसऱ्या दिवशी तिघांनी लहानांना पुढं घेतलं. आठवड्याभरात भांडणं अगदी थांबली असं म्हणणार नाही, पण रडत येणं थांबलं. आणि ताटं लवकर धुऊन व्हायला लागल्यावर खेळायला वेळ जास्त मिळतो हे मुलांनी स्वतःच ओळखलं. माझ्या सांगण्यापेक्षा त्याचाच जोर जास्त होता.

असं प्रत्येक जागेचं करावं लागतं. चपला कुठं काढायच्या, पाणी प्यायला जाताना काय करायचं, माझं लिहून झालं आणि दुसऱ्यांचं चाललंय तेव्हा काय करायचं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण वर्गातली निम्मी गडबड हातात काम नसलेल्या मुलांची असते. आणि सूचना देताना काय करायचं ते सांगा. 'गडबड करू नका' यातून मुलाला काहीच हाती लागत नाही. 'आवाज शेजाऱ्यापुरता' म्हटलं की कळतं. नियम तीनच ठेवा आणि ते मुलांकडूनच काढून घ्या. तिसरीतली मुलं फार चांगले नियम सांगतात, फक्त शिक्षाही तीच सुचवतात आणि त्या भयंकर असतात, तेवढ्या बाजूला ठेवायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं पुन्हा एकदा करून घ्यावं लागतं, हे गृहीतच धरा.

कौतुकाबद्दल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुम्ही 'शाब्बास', 'गुड' भरपूर म्हणत असणार, नवे शिक्षक म्हणतातच. आपल्या कोल्हापुरातल्या तालमीत सकाळी जाऊन कधी वस्तादाचं बोलणं ऐका. पट्ठ्यानं पट काढला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून डाव टाकला, की वस्ताद नुसतं 'चांगलं' म्हणून थांबत नाही. गुडघा कुठं टेकला, डोकं कुठं राहिलं, पकड कधी सुटली, हे सांगतो आणि मग पाठीवर थाप मारतो. पट्ठ्याला कळतं की आपल्याकडे बघितलं गेलंय. मुलालाही तेच हवं असतं. "तू हात वर केलास आणि तिचं बोलून होईपर्यंत थांबलास" हे वाक्य 'गुड बॉय'पेक्षा लांब आहे, पण उद्या परत काय करायचं ते त्यातून त्याला समजतं.

हे सोपं वाटतं, पण दिवसभरात आपल्या तोंडून किती वेळा जातं? माझ्या तोंडून जात नव्हतं. म्हणून मी दहा चिंचोके पर्सच्या एका कप्प्यात ठेवायला लागले. एखाद्या मुलाला त्यानं केलेलं चांगलं काम नेमक्या शब्दांत सांगितलं की एक चिंचोका दुसऱ्या कप्प्यात टाकायचा. पहिल्या दिवशी शाळा सुटताना इकडचे आठ इकडेच होते, आणि तिकडे गेलेले दोन्ही एकाच मुलीचे, जी तशीही सगळ्यांची लाडकी होती. महिनाभर करून बघा. मुलांना सांगू नका, हा हिशेब आपला आहे. आणि आठवड्यातून एकदा बघा, पटावरची कुठली मुलं एकाही चिंचोक्यात आली नाहीत. ती मुलं बहुतेक मधल्या रांगांत गप्प बसलेली असतात.

दोन गोष्टी मात्र जपा. एक, "बघा, ती कशी छान बसलीय!" हे वाक्य टाळा. ते तिच्यासाठी बोललेलं नसतं, बाकीच्यांना टोचण्यासाठी असतं, आणि मधल्या सुट्टीत त्याची किंमत तिला मोजावी लागते. दुसरी, काही मुलांना चारचौघांत कौतुक सोसत नाही. मान खाली जाते, कान लाल होतात. त्यांच्या बाकापाशी वाकून, वहीवर बोट ठेवून हळू सांगा.

आता तुमचा स्टारचा तक्ता. तो गणपतीपर्यंत चालला आणि मग 'काय देणार' सुरू झालं, यात तुमचं काही चुकलं असं मानू नका. हे असंच होतं. अमेरिकेत १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि लाल रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात कोण चित्रं काढतंय ते बघितलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. ज्या कामाची मुलाला आधीच गोडी आहे त्याला भाव ठरवला, की ते काम मजुरीचं होतं.

म्हणून तक्ता एकदम फाडू नका, मुलांना वाटेल बाई रागावल्या. या महिन्यात आहेत ते स्टार पुरे होऊ द्या, चॉकलेटं द्या आणि सांगा की आता हा खेळ संपला. त्यानंतर द्यायचंच असेल तर सगळ्या वर्गाला मिळून द्या, आणि खाऊऐवजी वेळ द्या. शेवटची दहा मिनिटं गोष्ट, नाहीतर पटांगणात एक डाव जास्त. तोही कधीतरी, न सांगता. "आज नळावर कुणी मला बोलावलं नाही, माझी दहा मिनिटं वाचली, ती तुमची," असं म्हणून.

वर्गाचे दोन संघ पाडून गुण द्यायची पद्धतही आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या एका चौथीच्या वर्गात ती पहिल्यांदा करून बघितली गेली. त्यात चूक झाली की संघाच्या नावे खूण व्हायची, पण खुणा थोड्याच राहिल्या तर दोन्ही संघ जिंकू शकायचे. ही शेवटची अट फार शहाणपणाची आहे. तरीही मी तुम्हाला एकच संघ ठेवायला सांगेन, आख्खा वर्ग, आणि स्पर्धा कालच्या वर्गाशी. कोल्हापुरात दोन संघ पाडले की त्यांच्या एकमेकींशी भिडणाऱ्या दोन पेठा व्हायला वेळ लागत नाही. फुटबॉलच्या सीझनला गल्लीत काय चालतं ते ही पोरं रोज बघतात. आणि हरणाऱ्या संघात ज्याच्यामुळं खूण झाली, त्या मुलाचं मग काही खरं नसतं.

तो मुलगा तुमचा ऊसतोडीचाच असेल.

बाई, त्याच्याबद्दल मला जास्त लिहायचंय. तुमचे नियम जूनमध्ये झाले. तेव्हा तो इथं नव्हता. तो नोव्हेंबरात आला, चपला कुठं काढायच्या इथपासून त्याला काही माहीत नाही, आणि बाकीची ३३ मुलं ते जणू जन्मापासून येत असल्यासारखी वागतात. त्याची शाळा दरवर्षी दिवाळीनंतर तुटते आणि उन्हाळ्यात कुठंतरी परत जोडली जाते. तेव्हा तिसरीत असला तरी लिहिणं-वाचणं कुठं अडलंय ते आधी बघा. शेजारी बसवून पहिलीच्या पुस्तकातलं एक पान वाचून घ्या, पण सगळ्यांसमोर नको.

आणि तो वही ओढतो तेव्हा नीट बघा. फाडायला ओढतो की बघायला? आठवडाभर एका छोट्या वहीत तीनच गोष्टी टिपून ठेवा: कधी झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, आणि झाल्यावर त्याला काय मिळालं. दर वेळी फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या वेळीच झालं असेल, तर त्याला फळ्यावरचं वाचता येत नाही, किंवा दिसत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला खोडकर म्हणून आम्ही वर्षभर शेवटच्या बाकावर बसवला आणि नंतर कळलं, त्याला चष्मा लागलाय. आम्हीच त्याला फळ्यापासून लांब नेऊन ठेवलं होतं. तुमच्या मुलाचं वही ओढून बघणं हीच त्याची अडचण सांगायची पद्धत असू शकते. तसं असेल तर त्याला शेजाऱ्याबरोबर एका वहीत बघून लिहायची मुभा द्या. ओढायचं कारणच उरणार नाही.

रोज दोन मिनिटं, दहा दिवस, त्याच्याशी वागण्याचा विषय सोडून बोला. कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, कोण कोण असतं, बैल आहेत का, त्यांची नावं काय, त्यांना चारायला वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, कोण आणतं. ही मुलं पहाटे आईबाप फडात गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळतात. तो उशिरा येत असेल, तर कदाचित म्हणूनच. ज्याला घरी मोठं माणूस म्हणून वागावं लागतं, त्याला शाळेत सारखं 'गप बस' म्हटलं की ते लागतं. त्याला लहानांचं काम द्या. नळावर पहिलीच्या मुलांना पुढं घ्यायची जबाबदारी त्याची. एखाद्या दिवशी मोळी कशी बांधतात ते त्याला वर्गाला दाखवू द्या. तुमच्या वर्गातली मुलं उसाच्या गावात वाढलीत, गुऱ्हाळावर काकवी खातात, पण त्यातल्या कितींना मोळी बांधता येते? त्यानंतर मोळ्यांवरची गणितं घाला, तीही त्याला विचारून.

तरीही तो चुकेल. चुकला की लांबून ओरडू नका, जवळ जा आणि हळू बोला. पाणी सांडलं तर पुसायचं, ढकललं तर रांगेत परत येऊन एकदा नीट उभं राहून दाखवायचं, आणि विषय तिथंच संपला. खेळाचा तास कधीही काढून घेऊ नका. ज्या मुलाला पळायची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यालाच आपण बसवून ठेवतो.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका, ते तुमच्यापेक्षा जास्त वर्षं या कामात आहेत. पण शिक्षण हक्क कायदा त्यांनाही माहीत आहे. २००९ चा तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळावरही बंदी घातली. छडी ठेवून द्यायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. एक महिन्यानं त्यांना खिचडीनंतर नळावर घेऊन या. याच कोल्हापुरात शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय ही मुलांना भीती न घालणारी शाळा सुरू केली. भीतीशिवाय मूल शिकतं हे आपल्याकडे कुणी करून दाखवलेलंच नाही, असं मुख्याध्यापकांना तरी म्हणता येणार नाही.

पालकांना मात्र प्रेमानं समजवा. 'दोन ठेवून द्या' म्हणणारी आई मुलावर दुष्टावा करत नाही. तिलाही असंच वाढवलंय, आणि बाईंवर आपला विश्वास आहे हे तिला त्यातून सांगायचं असतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत आलं नाही तर दंड पालकाला होता, महिना एक रुपया. पोराला नव्हता. हे मी पालकसभेत सांगायचे, लोक हसायचे आणि ऐकायचेही. शिवाय शाळेचा फोन आला की तक्रारच असणार, हे घराघरांत ठरलेलं असतं. ते तुम्ही मोडा. आठवड्याला तीन घरी चांगला निरोप पाठवा, दोन वाक्यांचा. सुरुवात त्या पाच नावांपासूनच करा. ऊसतोडीच्या आईला दिवसा फोन घेता येणार नाही आणि वाचता येईलच असंही नाही. व्हॉट्सॲपवर तुमच्या आवाजात निरोप ठेवा. ती रात्री कोपीवर ऐकेल, आणि मुलगा शेजारी बसलेला असेल.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळी परत जाईल. त्या मुलाला स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड मिळेल, त्यावर त्याची प्रगती असेल. त्याबरोबर एक साधा कागद जोडा, तिकडच्या बाईंसाठी किंवा गुरुजींसाठी. त्यात लिहा, हा रांगेत लहानांना पुढं घेतो. मोळी बांधून दाखवतो. फळ्यावरचं उतरवताना याला शेजाऱ्याची वही बघू द्या. आणि देण्याआधी तो कागद त्याला वाचून दाखवा.